दुसऱ्या अहवालावरची सही

मिरज स्टेशनावर कोल्हापूरची गाडी लागायला अजून तासभर होता. पोरी पिशव्यांवर डोकी टेकून पेंगत होत्या. जिंकलेली ढाल इंगवले सरांच्या मांडीवर होती आणि ते शेजारी बसलेल्या कुणा पावण्याला अंतिम सामन्याची हकीकत रंगवून सांगत होते. १९९८चा जानेवारी. कॉलेजच्या मुलींच्या कबड्डी संघानं मराठवाड्यातली एक मोठी निमंत्रित स्पर्धा पहिल्यांदाच मारली होती, आणि संघ घडवला होता क्रीडा संचालक जोतीराम इंगवले यांनी. त्यामुळं सरांना सांगावं तेवढं थोडंच वाटत होतं.

अनुजा तोडकर नळावर तोंड धुवायला गेली, तशी मल्लव्वा तिच्यामागं आली. अनुजा कॉलेजात भूगोल शिकवायची. वय एकोणतीस, नोकरीचं दुसरं वर्ष, अजून कायम झालेली नव्हती. मुलींच्या संघाबरोबर एक बाई असावी लागते म्हणून तिला लेडी मॅनेजर करून पाठवलं होतं. तिकिटं सांभाळायची, पोरींची हजेरी घ्यायची, एवढंच काम. कबड्डीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. तरी मल्लव्वा मगदूम चढाईला गेली की सगळं मैदान गप्प होतं, हे तिनं चार दिवस पाहिलं होतं. शिरोळ तालुक्यातली ही एकोणीस वर्षांची पोरगी घरी कानडी बोलायची, कोल्हापुरात येऊन ठसक्यात मराठी शिकलेली, आणि एरवी तिचं तोंड मिटायचं नाही. त्या सकाळी मात्र तिनं नळ पूर्ण सोडला आणि पाण्याच्या आवाजाच्या आडून बोलायला लागली.

गुडघा बघतो म्हणून सरांनी खोलीत बोलावलं होतं. आत गेल्यावर कडी घातली. हात गुडघ्यावर थांबला नाही. ओरडलीस तर फायनलला बाहेर बसवीन, आणि पोरगी कुणाबरोबर तरी फिरत होती असं पत्र तुझ्या बापाला जाईल, असं सर म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी परत बोलावलं. मल्लव्वानं हे सगळं नळाकडं बघत सांगितलं. मग ती एवढंच म्हणाली, "म्याडम, तुमी शेजारच्याच खोलीत हुता."

त्यात आरोप नव्हता. पण अनुजाच्या तोंडातली टूथपेस्ट कडू झाली. तिनं मल्लव्वाच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, मी बघते काय करायचं ते, तू कुणाला काही बोलू नकोस. हे शेवटचं वाक्य आपण का म्हणालो, याचं उत्तर तिला पुढं कित्येक वर्षं सापडलं नाही.

घरी आल्या आल्या तिनं अहवाल लिहिला. दोन पानं, स्वतःच्या हातानं, तारीख घालून. दुसऱ्या दिवशी तो प्राचार्य नाईकनवऱ्यांच्या टेबलावर ठेवला. नाईकनवरे सर आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी अहवाल उभ्यानं वाचला, दार लावून घेतलं, चहा मागवला. मुलगी खेड्यातली आहे, असं ते म्हणाले. हे बाहेर गेलं तर इंगवल्यांचं काय व्हायचं ते होईल, पण या मुलीचं लग्न कोण करेल, याचा तुम्ही विचार केलाय का? पुढच्या वर्षीपासून खेड्यातले आईबाप मुलींना मैदानावर पाठवणं बंद करतील, तेही पाप आपल्याच माथी. मग त्यांनी टेबलावरची एक फाइल पुढं ओढली आणि म्हणाले, "तुमची कायमची ऑर्डर आलीय, मॅडम. आजच सही करणार होतो."

दोन पानं त्यांच्या खणात गेली. चार दिवसांनी कारकुनानं टंकलिखित कागद आणून दिला. प्रवासात व मुक्कामात कोणताही अनुचित प्रकार घडला नाही, कु. मल्लव्वा मगदूम हिने मात्र विनापरवानगी निवासस्थान सोडून वारंवार शिस्तभंग केला, असं त्यात होतं. खाली अनुजाचं नाव छापलेलं होतं. तिनं तो कागद तीनदा वाचला. कारकून दारात उभा होता, त्याला आणखी दोन विभागांत जायचं होतं. तिनं सही केली.

मल्लव्वाचं नाव संघातून काढल्याची नोटीस फलकावर लागली. त्यानंतर ती अनुजाला एकदाच दिसली, लायब्ररीच्या जिन्यात. थांबली, बघितलं, काही न विचारता वर गेली. एप्रिलच्या परीक्षेला ती बसलीच नाही.

वर्षं गेली. अनुजा कायम झाली, तिनं पंचगंगेच्या खोऱ्यावर पीएच.डी. केली, विभागप्रमुख झाली. इंगवले सरांचे संघ जिंकत राहिले. नाईकनवरे निवृत्त होऊन कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे सचिव झाले. सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर प्रत्येक कॉलेजात महिला तक्रार समिती आली, तेव्हा अध्यक्ष म्हणून नाईकनवऱ्यांनी अनुजाचंच नाव सुचवलं. बाई समजूतदार आहेत, असं ते सभेत म्हणाले. समिती वर्षातून दोनदा बसायची, एकही तक्रार आली नाही असं इतिवृत्तात लिहायची आणि सामोसे खाऊन उठायची.

बाहेरून पाहणाऱ्याला तिचं सगळं ठीक होतं. आत मात्र तिला काहीतरी कुरतडत होतं. ती एका जागी फार वेळ बसू शकायची नाही. वर्गात शिकवताना खिडकीपर्यंत जायची, मैदान दिसलं की परत फिरायची. कबड्डीच्या सरावाच्या वेळेला तिनं एकही तास कधी घेतला नाही. वेळापत्रक करणाऱ्याला ती दरवर्षी वेगळं कारण सांगायची.

२००६च्या ऑगस्टात एका दुपारी गडमुडशिंगीचा सिद्धराम नावाचा शेतकरी आपल्या मुलीला घेऊन तिच्या विभागात आला. मुलगी सुष्मिता, एकोणीस वर्षांची, कबड्डी संघात कोपऱ्यावर खेळणारी. तिच्या हातात वहीच्या पानावर लिहिलेला अर्ज होता. अनुजा वाचायला लागली आणि दुसऱ्याच ओळीवर तिला खुर्चीतून उठावंसं वाटलं. गुडघ्याच्या जागी खांदा होता. बाकी तेच. कडी, फायनल, बापाला पत्र.

सुष्मिता बापाच्या मागं दाराशीच उभी होती. बाप बोलला. टोपी हातात धरून, अगदी शांतपणे. "माजी पोरगी खोटं बोलत न्हाय, म्याडम. पर खरं बोलून तिचंच वाटोळं हुनार आसंल तर आत्ताच सांगा. मी तिला घिऊन जातो."

अनुजानं अर्ज घेतला, त्यावर पोच दिली आणि सांगितलं, चौकशी होईल. ती दोघं गेल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण त्या माणसाच्या प्रश्नाचं उत्तर दिलेलंच नाही.

समितीची बैठक लागली. नाईकनवरे खास निमंत्रित म्हणून येऊन बसले. त्यांनी बरोबर एक जुनी फाइल आणली होती. वीस वर्षांत इंगवल्यांविरुद्ध एकही तक्रार नाही, असं ते म्हणाले. शिस्त न पाळणाऱ्या मुली अशा गोष्टी उठवतात, हे मात्र जुनंच आहे. मग त्यांनी चष्मा लावला आणि १९९८चा तो टंकलिखित कागद सगळ्यांना वाचून दाखवला, शिस्तभंगापासून सहीपर्यंत. "आपल्या अध्यक्षांनीच लिहिलेलं आहे हे," असं म्हणून त्यांनी अनुजाकडं पाहिलं. त्या पाहण्यात धमकी नव्हती. एकाच घरातली माणसं एकमेकांकडं बघतात तसं ते होतं, आणि त्याचीच तिला शिसारी आली.

तिनं बैठक पंधरा दिवस पुढं ढकलली.

त्या रात्रीपासून तिची झोप मोडली ती मोडलीच. पहाटे उठून ती कळंब्याच्या तलावाकाठी चालत सुटायची, जेलच्या भिंतीपर्यंत जायची, परत यायची, पुन्हा जायची. नवऱ्याला तिनं सगळं पहिल्यांदाच सांगितलं. तो बँकेतला सरळ माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की तुझी नोकरी जाऊ शकते, आणि नावही. मग थोड्या वेळानं त्यानं विचारलं, त्या मुलीचं पुढं काय झालं? अनुजाला ते माहीत नव्हतं. आठ वर्षांत तिनं कधी चौकशीच केली नव्हती.

जिमखान्याचा शिपाई आकाराम जुना माणूस. अनुजानं त्याला मल्लव्वाचा पत्ता विचारला. आकाराम जाळी गुंडाळत होता, हात न थांबवता त्यानं तिच्या सासरचं गाव सांगितलं. जणू कुणीतरी विचारेल म्हणून त्यानं ते लक्षात ठेवलं होतं. अनुजा निघाली तेव्हा तो म्हणाला, "एकटी ती न्हवती, म्याडम. मी सरास्नी जिमखान्याच्या खोलीच्या किल्ल्या द्यायचो की. मला ठावं हाय."

तुम्ही कधी बोलला नाहीत, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण ते कुठल्या तोंडानं विचारायचं?

रविवारी ती शिरोळची एसटी धरून गेली. गाव कृष्णेच्या काठाला, उसात बुडालेलं. मागच्या वर्षीच्या महापुराची रेघ घरांच्या भिंतींवर अजून होती. मल्लव्वा दूध संस्थेच्या खोलीत सापडली. ती तिथं दुधाचं फॅट तपासायचं काम करायची. अंग भरलं होतं, कपाळाला विभूती होती, पण उभं राहण्याची ढब तीच, एक पाय पुढं टाकून. तिनं अनुजाला ओळखलं आणि हातातली बाटली जाळीत नीट लावून झाल्यावरच मान वर केली. तिची सासू चिमणाबाई बाकावर बसली होती. मल्लव्वानं तिला कानडीत काहीतरी सांगितलं, तशी ती म्हातारी उठून बाहेर उंबऱ्यावर जाऊन बसली.

अनुजानं बसमध्ये जे जुळवून ठेवलं होतं ते सगळं विसरलं. तिनं सुष्मिताचं सांगितलं, बैठकीचं सांगितलं, खणात गेलेल्या पहिल्या अहवालाचं सांगितलं, आणि दुसऱ्याचंही सांगितलं. मी सही केली, असं म्हणाली. मल्लव्वाला ते नवीन नव्हतं. नोटीस फलकावर कुणाच्या अहवालावरून हेही लिहिलं होतं, ते अनुजाच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

"पैला कागद लिवलाता म्हनता," मल्लव्वानं विचारलं, "त्यात काय लिवलंतं?"

अनुजाला तो पाठ होता. आठ वर्षं तो तिच्या डोक्यात फिरत होता. दुधाच्या कॅनवर हात टेकून, उभ्यानं, तिनं तो ओळीनं सांगितला. तारीख, लॉजची खोली, गुडघा, कडी, धमकी. क्रीडा संचालकांनी सदर विद्यार्थिनीस दोन वेळा खोलीत बोलावले, इथपर्यंत ती आली तेव्हा मल्लव्वानं हात वर केला.

"तीनदा," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा फायनलच्या सकाळी. मी तुमाला दोनच सांगिटलंतं. तिसऱ्यांदा मी पळून भाईर आलो, आन् जिन्यावर बसलो. त्येलाच त्यांनी भाईर गेली म्हनून लिवलं."

बाहेर सायकलवरून कुणी कॅन घेऊन आलं. मल्लव्वानं दूध मोजून घेतलं, नोंद केली, त्या माणसाशी दोन शब्द हसून बोलली आणि तो गेल्यावर परत आली. तुला येऊन सांगावं लागेल, तुझ्याशिवाय हे उभं राहणार नाही, असं अनुजा म्हणाली. मल्लव्वानं नोंदवही मिटली.

"मी सांगिटलंय की एकदा," ती म्हणाली. "मी एकोणीस वर्सांची हुतो तवा. आता तुमी सांगा. मला दिसू दे तुमी सांगिटलेलं. मग बगतो."

परतीच्या बसमध्ये जागा होती, तरी अनुजा जयसिंगपूरपर्यंत उभीच राहिली.

घरी येऊन तिनं चार पानं लिहिली. पहिला अहवाल आठवेल तसा, तीनदा असा दुरुस्त करून. मग नाईकनवऱ्यांच्या खोलीत काय झालं ते, कायमच्या ऑर्डरसकट. शेवटी तिनं लिहिलं की दुसऱ्या अहवालावरची सही माझीच आहे, मजकूर खोटा आहे, आणि सही करताना तो खोटा आहे हे मला माहीत होतं. हे शेवटचं लिहायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला. तिनं समितीचं अध्यक्षपद सोडलं आणि तो कागद कॉलेजला न देता थेट विद्यापीठात नेऊन दिला, सुष्मिताच्या अर्जासह. कॉलेजच्या खणाचं तिला माहीत होतं.

मग बोलणी सुरू झाली. स्टाफरूममध्ये तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. एक सहकारी म्हणाले, आठ वर्षं गप्प बसलात, मग आताच कशाला? त्यांचं चूक होतं असं तिला म्हणता येईना. इंगवले सर एकदा पार्किंगमध्ये समोर आले. तुमच्यामुळं शेकडो पोरींचं खेळणं बंद पडणार, असं म्हणाले, आणि खरोखरच तसं वाटत असल्यासारखे डोळे पुसत गेले. संस्थेची कारणे दाखवा नोटीस आली. तिनं उत्तर पाठवलं आणि त्याची प्रत पुन्हा विद्यापीठाला.

विद्यापीठानं चौकशी समिती नेमली. त्यात बाहेरच्या एक वकील बाई होत्या. डिसेंबरात सुनावण्या झाल्या. पहिल्या दिवशी सुष्मिता बोलली, अडखळत, पण शेवटपर्यंत. दुसऱ्या दिवशी अनुजाची पाळी होती. नाईकनवऱ्यांच्या वतीनं विचारण्यात आलं की आपण एकदा खोटं लिहिलं असं आपणच सांगता, मग आजचं खरं कशावरून? अनुजा म्हणाली, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. मुलींना बोलवा. पंधरा वर्षांतल्या संघांच्या याद्या जिमखान्यात आहेत."

याद्या आणायला आकारामला पाठवलं. तो याद्या घेऊन आला आणि परत गेलाच नाही, दाराशी उभा राहिला. वकील बाईंनी त्याला आत घेतलं. त्यानं किल्ल्यांचं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मल्लव्वा आली. बरोबर चिमणाबाई होती, नऊवारीचा पदर घट्ट खोचलेली. तिला मराठी अर्धवट कळायचं, पण सून आत असेपर्यंत तिनं दारातून कुणाला आत डोकावू दिलं नाही. अनुजा बाकावर होती. दार अर्धवट उघडंच राहिल्यानं तिला मल्लव्वाचा आवाज ऐकू येत होता. इंगवल्यांबद्दल तिनं सांगितलं तेवढ्याच सरळपणानं तिनं अनुजाबद्दलही सांगितलं. म्याडमना मी परतीच्या वाटेवर मिरजेतच सांगितलं होतं, त्यांनी मला कुणाला बोलू नको म्हणून सांगितलं, मग लिहिलं, मग फिरवलं. त्यांनी फिरवलं म्हणून माझं कॉलेज सुटलं. हेही लिहून घ्या, असं ती म्हणाली, आणि लिहून होईपर्यंत थांबली.

अनुजाला उठून जावंसं वाटत होतं. ती बसून राहिली.

मल्लव्वा बाहेर आली तेव्हा तिनं अनुजाकडं पाहून मान हलवली. ओळखीची, एवढीच. सासूसुना रिक्षाकडं गेल्या. याद्यांतल्या आणखी पाच मुली नंतरच्या महिन्यात येऊन बोलल्या. एकीनं पुण्याहून पत्र पाठवलं. दोघींनी आम्हाला काही आठवत नाही असं सांगितलं, आणि त्यांना कुणी पुन्हा विचारलं नाही.

निकाल लागायला पुढच्या वर्षाचा जून उजाडला. इंगवल्यांना बडतर्फ केलं, पोलिसांत गुन्हा दाखल झाला. कॉलेजचा क्रीडा विभाग दोन वर्षांसाठी विद्यापीठानं स्वतःच्या देखरेखीखाली घेतला. अनुजाला लेखी ताकीद मिळाली, तिच्या सेवापुस्तकात नोंद झाली, ती तिनं वाचून मान्य केली. सुष्मिता मात्र संघात परतली नाही. तिनं दुसऱ्या कॉलेजात नाव घातलं. सिद्धराम दाखला न्यायला आला तेव्हा अनुजाला भेटला, पोरगी तिकडं खेळतीया म्हणून सांगितलं आणि हात जोडून गेला.

निकाल लागला त्या संध्याकाळी अनुजानं दूध संस्थेच्या फोनवर मल्लव्वाला निकाल कळवला. पलीकडं कॅनचे आवाज येत होते. मल्लव्वानं सगळं ऐकून घेतलं.

"आन् बडं सर?" तिनं विचारलं. "कागद खनात टाकनारं?"

अहवालात ताशेरे आहेत, पण ते संस्थेचे सचिव आहेत, त्यांच्यावर विद्यापीठाला कारवाई करता येत नाही असं म्हणतात, असं अनुजानं सांगितलं. मल्लव्वानं तिकडं कुणाला तरी थांब म्हणून सांगितलं. मग म्हणाली, "मग संपलं कुटं, म्याडम?"

कुणीतरी तिला हाक मारली आणि तिनं फोन ठेवला.

अनुजानंही रिसिव्हर ठेवला. मग तिनं कोरा कागद घेतला. माहितीच्या अधिकाराचा कायदा येऊन दीडेक वर्ष झालं होतं, अर्ज कसा लिहायचा हे तिला अजून नीट माहीत नव्हतं. १९९८च्या जानेवारी ते एप्रिलमधल्या संस्थेच्या सभांची इतिवृत्तं मिळावीत, असं तिनं लिहिलं; नाईकनवऱ्यांनी पहिला अहवाल दाबल्याचा पुरावा सापडला तर तिथंच सापडणार होता. खोडलं, पुन्हा नीट लिहिलं. सकाळी कोर्ट फी स्टॅम्प लावून तिनं तो अर्ज स्वतः नेऊन दिला, आणि पोच हातात पडेपर्यंत खिडकीसमोरून हलली नाही.